कोल्हापूरहून कमी खर्चात सहकुटुंब स्की सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की कोल्हापुरात बर्फाच्या सहलीच्या गप्पा सुरू होतात. कुणी मनाली म्हणतं, कुणी काश्मीर, आणि घरातली मुलं एकच विचारतात, "तिथं स्कीइंग करायला मिळणार का?" हे पान त्या प्रश्नासाठी आहे. आई-वडील, शाळेत जाणारी एक-दोन मुलं, पगार किंवा छोटं दुकान, आणि चौघांचा जाता-येता विमानखर्च झेपत नाही, अशी घरं डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगतो: गाव एकच ठरवा, उतार एकच ठरवा आणि तिथंच सलग चार-पाच दिवस राहा. त्यात पैसाही वाचतो आणि मुलं खरोखर काहीतरी शिकून परततात.

आमच्या सात पिढ्यांत कुणी बर्फ पाहिलेला नाही. आम्हाला हे जमेल का?

जमेल. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चिखल तुडवत जाणारी मुलं आपल्याकडे घरोघरी आहेत. थंडी, ओले कपडे आणि दमणूक यांची त्यांना सवय असते. स्कीला सुरुवातीला जोर कमी लागतो, धीर जास्त लागतो. पहिला दिवस पडण्यात जातो, दुसऱ्या दिवशी थांबता येतं, तिसऱ्या दिवशी वळता येतं. बहुतेकांचा क्रम साधारण असाच असतो. चाळिशीतल्या माणसालाही हे जमतं, फक्त त्याला मुलांपेक्षा एखादा दिवस जास्त लागतो.

बर्फ बघायची सहल आणि स्कीची सहल यात एवढा काय फरक आहे?

नेहमीच्या पॅकेजमध्ये शिमला, कुफ्री, मनाली, सोलंग असं फिरवतात. सोलंगला तासभर थांबवतात, भाड्याचा स्नो ड्रेस चढवतात, पायात स्की अडकवतात आणि एक माणूस हाताला धरून वीस पावलं ओढत नेतो. फोटो छान येतो. शिकणं मात्र काहीच होत नाही, आणि त्या वीस पावलांसाठी मोजलेले पैसे अर्ध्या दिवसाच्या रीतसर शिकवणीच्या जवळपास जाऊ शकतात. स्कीची सहल म्हणजे रोज सकाळी त्याच उतारावर, त्याच शिकवणाऱ्याकडे जायचं. दुपारी दमून खोलीवर यायचं, गरम पाण्यात पाय सोडून बसायचं. बाकीची ठिकाणं पाहायची राहून जातात. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी स्कीचा हट्ट धरू नये, साधी बर्फाची सहल करावी. तीही चांगलीच असते.

कधी जावं?

सगळ्या आखणीत हा प्रश्न सर्वांत मोठा. हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या दिशेने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी हवेमुळे पडतो. ते कधी येतील याचा नेम नसतो. डिसेंबरात बर्फ पडला तरी बऱ्याचदा तो पातळ असतो आणि खालचे दगड-गवत वर डोकावतं. काश्मिरात २१ डिसेंबरपासून पुढच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात, हिवाळ्याचा सगळ्यात कडक काळ. पण कडाक्याची थंडी पडली म्हणजे उतारावर जाड बर्फ साचलाच असं होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाभर जवळजवळ कोरडं होतं. ऐन हंगामात तपकिरी उतार पाहून माणसं परत गेली, आणि मग महिनाअखेरीला बर्फ आला.

म्हणून नवशिक्या कुटुंबाने २० जानेवारी ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरावा. एकच आठवडा निवडायचा असेल तर मी फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा सांगेन. तोवर खालचा थर बसलेला असतो, दिवस थोडे मोठे झालेले असतात, आणि नाताळ-नववर्षाची गर्दी गेल्यामुळे खोल्यांचे दर उतरलेले असतात. २३ डिसेंबर ते २ जानेवारी हे दिवस मात्र टाळाच. खोली महाग, रस्ता तुंबलेला, शिकवणाऱ्याला वेळ नाही आणि बर्फाचीही खात्री नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत जमणार नाही का?

स्कीसाठी नाही. मार्चअखेरीस बहुतेक उतारांवरचा हंगाम संपतो. मे महिन्यात रोहतांगसारख्या ३,९७८ मीटर उंचीच्या खिंडीत बर्फ मिळतो, तिथं खेळता येतं. पण गाडीला परवाना लागतो, गर्दी तुफान असते आणि एवढ्या उंचीवर कोवळ्या मुलांना घेऊन शिकणं शहाणपणाचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तर बर्फच नसतो.

मग शाळेचं काय?

इथं उपाय एकच, शाळेशी आधी बोलणं. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर त्या वर्षी सहल नको, बोर्डाच्या परीक्षा नेमक्या फेब्रुवारी-मार्चमध्येच असतात. बाकीच्यांनी २६ जानेवारीची सुट्टी आणि त्याला लागून येणारा रविवार पकडून आखणी करावी. सरांना किंवा बाईंना महिनाभर आधी लेखी कळवा आणि बुडणारा अभ्यास विचारून घ्या. गाडीत जाता-येता इतका वेळ मिळतो की तो आरामात भरून निघतो. स्नेहसंमेलनाच्या तारखाही याच सुमारास असतात. नाचात भाग घेतलेल्या मुलीला आयत्या वेळी उचलून नेऊ नका, ती बर्फातही रुसून बसेल.

कुठे जावं: गुलमर्ग, औली की सोलंग?

तिन्ही चांगली आहेत, पण वेगवेगळ्या घरांसाठी.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. देशातला सगळ्यात भरवशाचा आणि सगळ्यात मऊ बर्फ इथला. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की स्पर्धेत उतरलेला आरिफ खान याच भागातला. इथल्या गोंडोलाचा, म्हणजे दोरावरून जाणाऱ्या बंद पाळण्यांचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत जातो. पण हे नीट समजून घ्या: नवशिक्याला गोंडोलाची गरजच नाही. तुम्ही शिकणार ते खाली, गोल्फ मैदानावरच्या बाळ-उतारांवर. दोन्ही टप्प्यांची चौघांची तिकिटं हा वेगळा आणि मोठा खर्च आहे. हौस असेल तर एक दिवस पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन या, तेवढं पुरे.

औली उत्तराखंडात, जोशीमठच्या वर, अडीच ते तीन हजार मीटरच्या पट्ट्यात. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथं झाल्या होत्या. बद्रीनाथला जाऊन आलेल्या मंडळींना जोशीमठ ठाऊकच असतं, हिवाळ्यात बद्रीनाथाची पूजा तिथल्या नृसिंह मंदिरात होते. गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे स्की वर्ग चालवतं. मात्र जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचली आणि रोपवे बंद झाला. त्यामुळे गाडीनेच वर जायचं असं धरून आखणी करा, आणि निघण्यापूर्वी तिथल्या निवासात फोन करून रस्त्याची स्थिती विचारा.

सोलंग मनालीपासून साधारण तेरा-चौदा किलोमीटरवर. उतार लहान आहे, दुपारनंतर पर्यटकांची झुंबड असते आणि गुलमर्गपेक्षा बर्फ कमी टिकतो. तरीही पहिल्या सहलीसाठी खिसा बघून मी सोलंगच सांगतो. पोचायला सोपं, राहायला स्वस्त, आणि उतारावर बर्फ नसला तर अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलला, सिस्सूकडे जाऊन बर्फ गाठता येतो. हा ९ किलोमीटरचा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला आणि या बाजूचं हिवाळी गणितच बदललं. मुक्काम मनालीच्या माल रोडवर करू नका. वर पलचान, बुरुआ या गावांत घरगुती खोल्या मिळतात. २०१८ मध्ये स्कीइंगमध्ये देशाला पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळवून देणारी आंचल ठाकूर बुरुआचीच. या गावांत घरटी कुणी ना कुणी स्की करणारं सापडतं. घरमालकाचा भाचा किंवा पुतण्याच तुम्हाला शिकवायला उभा राहील.

थोडक्यात, पहिल्यांदा जाताना सोलंग. मुलं मोठी आहेत, वाट लांबची असली तरी चालेल आणि शांतता हवी, तर औली. एखादी चांगली कमाई झालेलं वर्ष असेल आणि शिकण्याची ओढ खरी असेल, तर गुलमर्ग.

काश्मिरात जायला हरकत नाही ना?

तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात सरकारी सूचना वाचा, कुठली पर्यटनस्थळं खुली आहेत ते बघा. एप्रिल २०२५ मधल्या पहलगाम हल्ल्यानंतर तिथली बरीच ठिकाणं काही काळ बंद होती. घरातलं कुणी मनातून घाबरलेलं असेल तर ओढून नेऊ नका, दुसरीकडे जा. एक व्यावहारिक बाब बरेच जण विसरतात: आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातला निदान एक नंबर आधीच पोस्टपेड करून घ्या.

कोल्हापूरहून कसं जायचं?

रेल्वेने, निदान एका बाजूने तरी. कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला थेट गाडी आहे, पण ती आठवड्यातून एकदाच. तिचा वार जमला तर उत्तम. नाही जमला तर मिरज गाठा. गोवा एक्स्प्रेस रोज मिरजवरून निजामुद्दीनला जाते. कर्नाटक संपर्क क्रांती ठरावीक वारी मिरजवरून थेट चंदीगडला जाते, आणि मनालीसाठी ही गाडी मला सगळ्यात सोयीची वाटते. दिल्लीतली धावपळ वाचते, आणि चंदीगडच्या सेक्टर ४३ च्या स्टँडवरून मनालीची बस मिळते. दिल्लीहून जाणार असाल तर काश्मिरी गेटहून संध्याकाळी हिमाचलच्या बस सुटतात आणि सकाळी मनालीत सोडतात.

औलीसाठी दिल्लीहून हरिद्वार किंवा ऋषिकेश, तिथं एक रात्र मुक्काम, आणि भल्या पहाटे जोशीमठची बस किंवा जीप. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग करत दिवस मावळताना पोचता. मुलांना गाडी लागत असेल तर हा दिवस जड जातो. पुढच्या सीट मागून घ्या आणि आल्याच्या वड्या खिशात ठेवा.

काश्मीरसाठी पुण्याहून जम्मूकडे झेलम एक्स्प्रेस हा जुना मार्ग. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावू लागली आहे, चिनाबवरच्या ३५९ मीटर उंचीच्या पुलावरून. पूर्वी हिमवृष्टीत जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला की माणसं दोन-दोन दिवस अडकायची. रेल्वेमुळे ती धास्ती बरीच कमी झाली. श्रीनगरहून गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. बर्फ असताना तंगमर्गपासून वर जायला चाकांना साखळ्या किंवा फोर बाय फोर गाडी लागते, त्यामुळे शेवटचे तेरा किलोमीटर वेगळे पैसे पडतात. श्रीनगरची टॅक्सी ठरवताना "गुलमर्गच्या हॉटेलच्या दारापर्यंत" असं स्पष्ट बोलून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं असतं आणि गाड्या सहा-आठ तास उशिरा धावणं नेहमीचंच आहे. बस आणि परतीची रेल्वे यांच्यात किमान एक पूर्ण रात्र ठेवा. खर्च वाढतो, पण परतीची तिकिटं बुडण्यापेक्षा तो बरा.

एकूण किती दिवस लागतात?

रेल्वेने मनालीचा हिशेब बघा. शुक्रवारी मिरजेहून निघालात तर रविवारी दिल्ली, सोमवारी सकाळी मनाली. सोमवार फक्त विश्रांती आणि बूट-कपडे बघणं. मंगळवार ते शनिवार उतारावर. मग परतीचा प्रवास, धुक्यासाठी राखलेली रात्र धरून. म्हणजे बारा-तेरा दिवस. एवढी रजा नसेल तर परतीचं विमान दिल्लीहून पुण्याला किंवा मुंबईला घ्या आणि पुढे बसने घरी या. एकाच बाजूचं विमान हा मध्यममार्ग बऱ्याच घरांना परवडतो.

तिकिटं कधी काढायची?

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुलं होतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघणार असाल तर डिसेंबरच्या सुरुवातीला सकाळी तयार बसा. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयात बर्थ न घेता अर्धं भाडं, बर्थ घेतला तर पूर्ण. लांबच्या प्रवासाला आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी बर्थ घ्याच. अर्ध्या तिकिटाची बचत आईच्या पाठीवर निघते.

खर्च नेमका कुठे होतो आणि कुठे वाचवायचा?

दर वर्षी बदलतात, म्हणून आकड्यांची यादी देत नाही. खर्चाची घडण सांगतो. प्रवास, मुक्काम, जेवण, स्कीचं भाडं, शिकवणी, कपडे आणि आतल्या टॅक्स्या असे सात कप्पे करा. प्रवासाचा कप्पा एकदाच भरायचा असतो. बाकीचे रोज भरावे लागतात, आणि रोजचा छोटा फरक माणसांनी आणि दिवसांनी गुणला जातो. माणशी रोज ५०० रुपये कमी लागले तर चौघांचे पाच दिवसांत १०,००० वाचतात. म्हणून हॉटेलवाल्याशी एका रात्रीसाठी घासाघीस करू नका, पाच रात्रींचा दर एकदम बोला. बूट आणि स्कीचंही तसंच, पाच दिवस एकाच दुकानातून घेणार म्हटल्यावर दर उतरतो.

आतल्या टॅक्स्या हा गुपचूप फुगणारा कप्पा आहे. उतारापासून चालत जाता येईल अशी खोली रोज दोनशे-तीनशे रुपयांनी महाग असली तरी ती घ्या. रोजची टॅक्सी आणि भाड्याचं ओझं उचलून नेणाऱ्याचे पैसे वाचतात, आणि मूल कंटाळलं तर एक पालक त्याला घेऊन परत येऊ शकतो.

चौघांनी शिकायलाच हवं असं नाही. दोन्ही मुलं आणि एक पालक शिकले आणि दुसऱ्याने एकच दिवस हौस भागवली, तरी सहल पूर्ण होते. पण तो "दुसरा" दरवेळी आईच असू नये, एवढं मनापासून सांगतो. मुलांच्या ओल्या मोज्यांमागे धावण्यासाठी तिने एवढा प्रवास केलेला नसतो.

पॅकेज घ्यावं की स्वतः ठरवावं?

स्वतः ठरवावं. पॅकेजवाल्यांचा धंदा ठिकाणं वाढवण्यावर चालतो आणि तुम्हाला ठिकाणं कमी करायची आहेत. ज्यांना फोनवर हिंदीत दर ठरवायला अवघड वाटतं त्यांनी पॅकेजवाल्याकडून फक्त रेल्वे आणि मुक्काम घ्यावा, "स्नो ॲक्टिव्हिटी" नावाची ओळ काढून टाकायला सांगावी.

कपडे काय आणि कुठून घ्यायचे?

कोल्हापूरच्या थंडीत निभावणारा स्वेटर तिथं एकटा पुरत नाही, पण सगळं नवं घ्यायचीही गरज नाही. तीन थर लागतात. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट-पँट. पहिले दोन थर इथंच, महाद्वार रोड किंवा लक्ष्मीपुरीत फिरून घ्या, पुढच्या हिवाळ्यातही वापरात येतात. तिसरा थर तिथं भाड्याने मिळतो. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स यांतलं काहीही अंगाला लागून नको. सुती कापड घामाने भिजतं, वाळत नाही आणि अंग गार पडतं. आपल्या ट्रेकचा रेनकोट वारा अडवतो, पण उतारावर पडल्या-घसरल्यावर फाटतो.

हातमोजे मात्र भाड्याचे नकोत. ते आधीच ओले असतात. प्रत्येकाला पाणी न शिरणारी एक जोडी, आणि मुलांना दोन. गॉगल डोळ्यांना सगळ्या बाजूंनी झाकणारा, अतिनील किरण अडवणारा हवा. ताजा बर्फ सूर्याचे बहुतेक अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही डोळे चुरचुरतात आणि हनुवटीखाली, नाकपुड्यांजवळ त्वचा भाजते. सनस्क्रीन तिथंही लावा.

भाड्याचे बूट आणि स्की घेताना काय बघायचं?

इथं अर्धा तास घाला, बाकीचे पाच दिवस सुखाचे जातात. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो आणि घोटा हलू देत नाही. मोजा एकच घाला, लांब, पोटरीपर्यंतचा, सुरकुती न पडलेला. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घातले की रक्तप्रवाह अडतो आणि पाय जास्तच गारठतात. थर्मलची मोहरी बुटात खोचू नका, तिच्या घडीने नडगीला वळ उठतात. बकल लावल्यावर सरळ उभं राहिलं तर बोटांची टोकं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की बोटं मागे सरकतात आणि टाच बुटाच्या तळाला घट्ट बसते. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून मागा. दुकानदार "चलेगा" म्हणतो. म्हणू दे.

स्कीची लांबी नवशिक्याला हनुवटीच्या आसपास पुरते, लहान मुलांना छातीपर्यंतची चालते. बूट जिथं अडकतो त्या बाइंडिंगला एक आकड्यांची पट्टी असते. पडल्यावर स्की पायातून सुटायला किती जोर लागेल ते त्यावर ठरतं. दुकानदाराला वजन खरं सांगा आणि नवशिके आहोत हेही सांगा, म्हणजे तो आकडा खाली ठेवेल. स्की वेळेवर सुटली नाही तर गुडघा पिळवटतो. हेल्मेट मागून घ्या. बऱ्याच दुकानांत मागितल्याशिवाय देत नाहीत.

शिकवणारा कसा निवडायचा?

आधी संस्थांकडे चौकशी करा. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाची गिर्यारोहण संस्था. त्यांचे वर्ग बरेच दिवसांचे आणि शिस्तीचे असतात. कॉलेजातल्या मुला-मुलींसाठी ते सोनं आहे, आणि जेवण-राहणं धरून येणारी फी बघता खाजगी शिकवणीपेक्षा स्वस्तही पडतं. लहान मुलांच्या कुटुंबाला मात्र खाजगी शिकवणाराच घ्यावा लागतो.

त्याने कोणत्या संस्थेतून कोणता कोर्स केलाय ते विचारा, प्रमाणपत्र बघा. चौघांना एकच माणूस चालतो, त्याहून जास्त जण त्याच्या हाताखाली नकोत. दर तासाचा की दिवसाचा, त्यात स्कीचं भाडं आहे की नाही, दिवस किती वाजता संपतो, हे पैसे देण्यापूर्वी बोलून घ्या. पहिल्या दिवसाचेच पैसे ठरवा. मुलांशी तो कसा बोलतो ते दिवसभर बघा आणि पटलं तर पुढचे चार दिवस पक्के करा. वाटेत स्लेजवाले, घोडेवाले, गाइड मागे लागतील. त्यांचंही पोट याच दोन-तीन महिन्यांवर चालतं, तेव्हा खेकसू नका. "कोच ठरलेला आहे" एवढं म्हटलं की बाजूला होतात.

पहिल्या दिवशी उतारावर काय करतात?

आधी नुसते बूट घालून चालायला लावतात. मग एकच स्की. बुटाच्या तळाला बर्फ चिकटलेला असतो, तो काठीने ठोकून पाडायचा, मगच बूट बाइंडिंगमध्ये बसतो. आधी पुढचं टोक सरकवायचं, मग टाचेवर वजन टाकायचं, खटकन आवाज आला की बसला. हे मुलांना स्वतः करू द्या. नंतर उताराला आडवं उभं राहून पायरी-पायरीने वर चढणं, आणि मग ज्यावर सगळं उभं आहे ती गोष्ट: स्कीची पुढची टोकं जवळ, मागच्या बाजू लांब, गुडघे किंचित आत, वजन पुढे. याला स्नोप्लाउ म्हणतात, मुलांना कोच "पिझ्झा बनाओ" सांगतात. असं केलं की वेग कमी होतो आणि माणूस थांबतो.

वेग वाढला की आपण घाबरून मागे झुकतो. मागे झुकलं की स्कीवरचा ताबा जातो आणि वेग आणखी वाढतो. नडगी बुटाला टेकलेली राहिली पाहिजे, हे दिवसभर स्वतःला बजावत राहा. पडायचंच असेल तर बाजूला, कुल्ल्यावर पडा. हात पुढे टेकून पडलं की मनगट आणि अंगठा दुखावतो. उठताना स्की उताराला आडव्या करून घ्या, नाहीतर उठता उठताच घसरायला होतं.

मुलं किती वर्षांची असावीत?

सहा-सात वर्षांपासून पुढे मजा येते. त्याआधी पाय आणि लक्ष दोन्ही पुरत नाहीत, अशा मुलांना स्लेज आणि बर्फाचा माणूस भरपूर आहे. मुलांना सुरुवातीला काठ्या देऊ नका. शिकवणी दोन तास सकाळी, एक तास दुपारी. मूल रडायला लागलं तर त्या दिवशी तिथंच थांबा.

निघण्यापूर्वी काही व्यायाम?

कोल्हापुरात हा प्रश्न विचारायची वेळ यावी? बैठका मारा. स्कीला लागतात त्या मांड्या आणि कंबर, आणि तालमीतला जुना व्यायाम नेमका तोच आहे. दीड-दोन महिने आधी सुरू करा, रोज झेपतील तेवढ्या, गुडघे दुखू न देता. जोडीला भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर थांबा. रविवारी जोतिबाच्या पायऱ्या चढा आणि उतरताना घाई करू नका, मांड्यांना खरा व्यायाम उतरतानाच होतो. रंकाळ्याची फेरी चांगलीच, पण तेवढ्यावर भागणार नाही. मुलांकडे रोलर स्केट्स असतील तर त्यांना तोल आधीच कळलेला असतो.

आजी-आजोबांना न्यावं का?

सोलंगला न्या. दिवसा ऊन असतं, खाली बसायला चहाच्या टपऱ्या असतात. हृदयाचा, दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गोठलेल्या रस्त्यावर घसरून खुबा मोडण्याची भीती खरी आहे. त्यांच्या बुटांना खाचांचे तळवे हवेत आणि हातात काठी हवी.

खाण्याचं कसं करायचं?

गाडीसाठी आपली शिदोरी: कडक ज्वारीची भाकरी, कांदा-लसूण चटणी, दशम्या, भडंग. तिथं मुक्कामी दाल-भात, राजमा, पराठे सगळीकडे मिळतात. औलीकडे जेवण मुख्यतः शाकाहारी असतं. तांबड्या-पांढऱ्याची आठवण येणारच, पण दिवसभर बर्फात घालवल्यावर गरम राजमा-भातही तितकाच गोड लागतो. उतारावर जाताना खिशात शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की ठेवा. थंडीत तहान जाणवत नाही म्हणून पाणी प्यायचं राहून जातं. थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन दर तासाला सगळ्यांना दोन घोट द्या.

उंचीचा, अपघाताचा धोका किती?

आपण साधारण साडेपाचशे मीटरवर राहतो. अडीच हजारांच्या वर काहींना पहिल्या रात्री डोकं दुखणं, झोप न लागणं, भूक मंदावणं असं होतं. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवायला सांगितला तो यासाठी. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा चालताना तोल जायला लागला तर वाट न बघता खाली उतरा आणि दवाखाना गाठा. गुलमर्गचा दुसरा टप्पा लहान मुलांसाठी मला पटत नाही. शिवाय वरच्या मोकळ्या उतारांवर हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्ग भागात एका परदेशी स्कीअरचा त्यात जीव गेला. आखून दिलेल्या उताराबाहेर जायचं नाही, कोच म्हणाला तरीही.

विमा काढताना "हिवाळी खेळ" किंवा "साहसी खेळ" त्यात धरले आहेत का ते लेखी विचारा. अनेक साध्या पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात. औषधांत नेहमीच्या गोळ्यांबरोबर क्रेप बँडेज आणि मुलांची तापाची औषधं इथूनच न्या.

परदेशात स्वस्त पडतं असं ऐकलं. खरं आहे का?

कझाकस्तानात अल्माटीजवळ शिम्बुलाक म्हणून चांगला स्की रिसॉर्ट आहे, आणि भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. उतार आणि लिफ्ट आपल्यापेक्षा सरस. पण कोल्हापूरहून दिल्ली आणि पुढे चौघांचं विमान धरलं की "स्वस्त" हा शब्द उरत नाही. आधी इथं शिका. मुलं वळायला आणि थांबायला लागली की मग तिथल्या मोठ्या उतारांचे पैसे वसूल होतात.

सगळं ठरवलं आणि बर्फच नसला तर?

होऊ शकतं, त्यामुळे पैसे अडकवतानाच ते धरून चाला. खोली अशी घ्या की आठ दिवस आधी कळवलं तर पैसे परत किंवा पुढची तारीख मिळेल, आणि ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. निघण्याच्या दहा दिवस आधीपासून घरमालकाला रोजचा उताराचा फोटो मागा. गुगलवरचा नको, आज सकाळचा मागा. हवामान खात्याच्या अंदाजात पश्चिमी विक्षोभ येतोय का ते बघत राहा. चार दिवस आधीही उतार उघडा असेल आणि अंदाजही कोरडा असेल तर तारीख पुढे ढकला. रेल्वे तिकीट रद्द करताना थोडे पैसे कापले जातात, तेवढे जाऊ द्या. आणि तिथं पोचल्यावर बर्फ वितळला, तर मनालीहून सकाळी लवकर बोगद्यापलीकडे जा. सिस्सूच्या बाजूला उतार नीट आखलेले नसतात, पण स्नोप्लाउ घोटायला सपाटीजवळचा छोटासा चढही पुरतो. स्की, बूट आणि कोच मात्र सोलंगहूनच बरोबर न्या, आणि गाडीचं भाडं जाऊन-येऊन, थांबण्याच्या तासांसकट ठरवा.